मूळ प्रत आणि नक्कल : अंबरनाथच्या एका वहीच्या निमित्ताने

१

मराठीत खेळांविषयी लिहिलेच गेले नाही, असे म्हणता येणार नाही. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला व्यायामज्ञानकोश आपल्याकडे आहे. मंगळागौर, भोंडला अशा निमित्ताने होणारे स्त्रियांचे खेळ लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले, त्यात सरोजिनी बाबर यांचे काम मोठे आहे. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट आणि त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देणारी परंपरा, यांवरही चर्चा झाली आहे. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात असंख्य मराठी घरांतील दूरचित्रवाणीसंचासमोर दोन पोरे मांडी घालून जो खेळ खेळत होती, त्याची नोंद या परंपरेत कुठे सापडत नाही. तो खेळ परका, यंत्राचा आणि वेळ फुकट घालवणारा मानला गेला. त्यामुळे तो संपला तेव्हा काही संपले आहे, असेही कोणाला वाटले नाही.

प्रस्तुत लेख त्या खेळाविषयी आहे. नेमकेपणाने बोलायचे तर तो खेळणाऱ्यांविषयी आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने गाडी वळली की विठ्ठलवाडीनंतर लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे आम्ही त्यासाठी निवडली आहेत. हा खेळ केवळ येथेच खेळला गेला असे नाही. इचलकरंजीत, नांदेडात, पणजीतही तो तसाच खेळला गेला असेल. मात्र मूळ आणि नक्कल या दोन शब्दांचा जो तिढा या खेळाच्या मुळाशी आहे, तो या तीन गावांच्या इतिहासातही आहे. शिवाय आम्ही येथे वाढलो आणि आमच्या हाती एक साधन आहे.

ते साधन म्हणजे दोनशे पानी चौकटीची वही. १९९४ ते १९९८ या काळात अंबरनाथ पूर्वेच्या एका चाळीत आम्ही चौघांनी ती लिहिली. आज आमच्यापाशी आहे ती मूळ वही नव्हे, तिची उल्हासनगरच्या एका मित्राने हाताने उतरवून घेतलेली नक्कल आहे. मूळ वही का उरली नाही आणि नक्कल का उरली, हे पुढे येईलच.

२

प्रथम गावांविषयी थोडे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ येतो. भूमिज शैलीचे हे मंदिर अभ्यासकांना परिचित आहे. १८६८च्या सुमारास मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील मंडळींनी त्याची रेखाटने केली आणि शिल्पांचे साचे घेतले, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. वालधुनीकाठच्या दगडी मूर्तींची नक्कल करण्यासाठी सरकारने माणसे पाठवली, कारण मूळ झिजत होते. नक्कल ही मुळाची शत्रू असते असे आपण सहज धरून चालतो. येथे ती मुळाच्या काळजीपोटी केली गेली.

उल्हासनगरची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकींची छावणी उभारली गेली. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित त्या बराकींत आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाचे नाव उल्हासनगर पडले. तरीही लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ हाच शब्द राहिला. आजही तेथे पत्ता विचारला तर कॅम्प एक ते कॅम्प पाच अशा आकड्यांतच उत्तर मिळते. जमीन नाही, भांडवल नाही, अशा स्थितीत या माणसांनी जे हाताशी येईल ते बनवून विकले. पुढे येथल्या मालाविषयी एक विनोद सर्वदूर पसरला : वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेले असते, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्हीही लहानपणी तो हसत हसत सांगत असू. ज्यांची मूळ घरे, मूळ कागदपत्रे आणि मूळ गावे सीमेपलीकडे राहिली, त्यांच्याच वाट्याला नकलेचा शिक्का यावा, यातला क्रूरपणा कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

बदलापूरविषयी अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते की, येथे प्रवासातले थकलेले घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत गेला तेव्हापासून गाड्या या गावावरून जात आहेत. मात्र मुंबईत आणि पुढे डोंबिवलीतही घर परवडेनासे झालेला मराठी मध्यमवर्ग येथे मोठ्या संख्येने उतरू लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. आमच्या चौघांपैकी एकाचे कुटुंब अंबरनाथची चाळ सोडून बदलापूरला तळमजल्यावरच्या घरात गेले ते याच ओघात. मूळ वही त्याच्याबरोबर गेली, कारण अक्षर त्याच्या बहिणीचे होते.

३

आता यंत्राकडे वळू. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. १९८५पासून अमेरिकेत ते वेगळ्या रूपात आणि वेगळ्या नावाने विकले गेले. आमच्या घरांत यांपैकी एकही आले नाही. आले ते तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये तयार झालेल्या त्याच्या नकलांचे घराणे. भारतात हे घराणे मीडिया, लिटल मास्टर, समुराई अशा नावांनी दुकानांत दिसे. रशियातील मुलांनी हेच यंत्र डेंडी या नावाने ओळखले. ज्या यंत्राला आम्ही नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत होतो, त्याला एक मूळ आहे आणि त्या मुळाला एक नाव आहे, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. पुढे ते कळले तेव्हा आपल्या ओळखीच्या ओव्या कुणा दुसऱ्याच्या नावावर छापलेल्या पाहाव्यात, तसे काहीसे वाटले.

या यंत्रात खेळाची कॅसेट खोचावी लागे. जपानी कॅसेटला साठ पिना आणि अमेरिकी कॅसेटला बहात्तर. आपल्याकडच्या यंत्रांना साठ पिनांची कॅसेट चाले, म्हणजे आमची वंशावळ जपानी शाखेची होती. कॅसेट आम्ही कॅम्पातल्या दुकानांतून घेत असू किंवा थोडे पैसे भरून जुनी देऊन दुसरी नेत असू. त्या तेथेच बनतात असा आमचा ठाम समज होता. वास्तविक त्यांतील बहुतेक समुद्रापलीकडून येत. पण नक्कल म्हणजे उल्हासनगर, ही शिकवण आमच्यात इतकी मुरली होती की दुसरी शक्यता सुचलीच नाही.

या कॅसेटींच्या मुखपृष्ठावर ‘९९९९९९ खेळ एकात’ असा आकडा असे. सूचीत पाने उलटत जावीत तसे शेकडो खेळ दिसत. प्रत्यक्षात खेळ आठ-दहाच असत. तोच खेळ पाचव्या टप्प्यापासून सुरू केला, रंग बदलला, की त्याला नवे नाव आणि नवा क्रमांक. यात फसवणूक होती हे उघड आहे. तरी साहित्याच्या विद्यार्थ्याने ही सूची निराळ्या नजरेनेही वाचावी. एकाच संहितेच्या इतक्या आवृत्त्या एका ठिकाणी, मूळ कोणती याचा कसलाही संकेत न देता, मांडलेल्या त्याला अन्यत्र सहजी पाहायला मिळणार नाहीत. आमच्या वहीचे पहिलेच पान म्हणजे या सूचीची छाननी आहे. क्रमांक सतरा, बेचाळीस आणि एकशेतीन हे एकच खेळ आहेत, अशा प्रकारच्या नोंदी तेथे ओळीने आहेत. पाठभेद हा शब्द आम्हांला येत नव्हता, पण ते काम आम्ही करत होतो.

४

पाठभेदांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे काँट्रा. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली आधी नाण्याच्या यंत्रांवर आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर आला. त्याच्या जपानी प्रतीत टप्प्यांच्या मध्ये कथाचित्रे आहेत, नकाशा आहे, झाडे हलतात. अमेरिकी प्रतीत हे सारे गळले. युरोपीय प्रतीत तर सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले आणि खेळाचे नावही बदलले. मग काँट्राची खरी गोष्ट कोणती? आमच्या हाती आलेल्या प्रतीत कथाचित्रे नव्हती, म्हणून कथा आम्ही रचली. ते दोन सैनिक भाऊ आहेत आणि शेवटी धडधडणारे ते मोठे हृदय त्यांच्या बापाला गिळून बसलेल्या राक्षसाचे आहे, असे वहीत लिहिलेले आहे. मूळ कथेशी याचा काडीचाही संबंध नाही. मात्र चार वर्षे आम्ही जो खेळ खेळलो, त्याची संहिता हीच होती.

काँट्रात तीस जीव मिळवण्याची एक गुप्त खूण होती : वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. तिचा उगम गमतीचा आहे. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामीतील तंत्रज्ञ १९८६ साली ग्रेडियस या खेळावर काम करत होते. चाचणीसाठी तो त्यांना स्वतःलाच अवघड जाऊ लागला, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही खूण आत घातली आणि ती तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारले. त्यांच्या सोयीची ती खूण अंबरनाथच्या चाळीत कोणी आणली, हे सांगता येत नाही. कोणाचा तरी मावसभाऊ सुटीत आला होता एवढेच आठवते. मौखिक परंपरेचा प्रवास असाच असतो. त्यात आद्य कवी नसतो, मावसभाऊ असतो. आमच्या नकलेत या खुणेचा क्रम उलटा पडला आहे : खाली, खाली, वर, वर. समासात उतरवणाऱ्याने लिहिले आहे, ‘चालत नाही’. लेखनिकाचा हस्तदोष आणि त्यावर त्याचाच प्रामाणिक शेरा, असा दुहेरी पुरावा जुन्या पोथ्यांतही क्वचितच मिळत असेल.

घराबाहेरचा खेळ स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये चाले. एका रुपयाच्या नाण्यात एक डाव. तेथे ‘मुस्तफा’ हा खेळ सर्वांत लोकप्रिय होता. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या खेळाचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी चित्रकथेवर तो आधारलेला आहे, आणि त्या कथेचा नायक जॅक टेनरेक आहे. मुस्तफा कैरो हा त्याचा सहकारी. पिवळ्या टोपीचा, चपळ, धावत येऊन लाथ मारणारा. भारतभरच्या पार्लरांतील मुलांनी जॅककडे पाहिलेही नाही. ओळखीचे नाव असलेला माणूस त्यांनी उचलला, त्याला नायक केले आणि साऱ्या खेळालाच त्याचे नाव दिले. हे कोणी ठरवून केले नाही, कोठे छापून आले नाही. तरी उल्हासनगरपासून दूरदूरच्या शहरांपर्यंत हेच नाव रूढ झाले. वाचक संहितेचा अर्थ घडवतो, हे समीक्षेचे विधान आपण वर्गात उदाहरणे शोधून शिकवतो. हे उदाहरण एका रुपयात मिळत होते.

भाषेचेही तेच. खेळाच्या पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. आम्ही मात्र तो मराठीतच खेळलो, कारण खेळाची भाषा आमच्यापाशी आधीच होती. खेळ थांबवणारे बटण म्हणजे ‘टॅम्प्लीज’. तीस जीवांची खूण वापरून जिंकणे म्हणजे ‘रडीचा डाव’. धाकट्या भावंडाच्या हाती दुसरा रिमोट द्यायचा, पण त्याची पिन यंत्रात खोचायची नाही. तो मनापासून बटणे दाबत राही आणि आपणच खेळतो आहोत असे समजे. तो ‘कच्चा लिंबू’. अंगणातले सारे न्यायशास्त्र अशा रीतीने पडद्यासमोर आले. हा खेळ परका आहे, अशी तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे ऐकू येत नव्हते, याचे आज आश्चर्य वाटते.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. पार्लरमध्ये मुली नसत. आमच्या वहीतील निम्म्याहून अधिक पाने जिच्या हातची होती, ती मित्राची बहीण मुस्तफा कधीच खेळली नाही. तिने तो केवळ ऐकला आणि आमच्या वर्णनावरून त्यातील प्राण्यांची चित्रे काढली. ती चित्रे मूळ वहीत होती. नक्कल करणाऱ्याला चित्रे जमत नसल्याने त्याने त्या जागी नुसते चौकोन सोडले आहेत आणि आत ‘चित्र’ असे लिहिले आहे.

५

आता वहीच्या मुख्य भागाकडे येऊ. नामको कंपनीचा १९८५ सालचा बॅटल सिटी हा खेळ आम्ही ‘टँक’ म्हणून ओळखत होतो. तेरा गुणिले तेरा चौकटींचे रणांगण. विटांच्या, लोखंडाच्या भिंती, पाणी, झाडी. खाली मध्यभागी एक गरुड. वरून शत्रूचे वीस रणगाडे एकामागून एक येतात, गरुड वाचवायचा. दोघांनी मिळून खेळता येते आणि चुकून एकमेकांना गोळीही लागते, त्यामुळे भांडणाची सोय आतच होती.

या खेळात रणांगण स्वतः रचण्याची सोय होती. आमच्या दृष्टीने हा खेळाचा गाभाच. तासभर बसून भिंती उभ्या करायच्या, मग त्यांत लढायचे. पण यंत्र बंद केले की सारे पुसले जाई. लाईट गेली तरी तेच, आणि लाईट वारंवार जाई. एक्साइटबाइक या मोटरसायकलच्या खेळात तर वाट रचून ती जतन करण्याचा पर्याय पडद्यावर स्पष्ट लिहिलेला होता. तो आम्ही कितीदा दाबला असेल याला गणती नाही. काहीही जतन होत नसे. कारण पुष्कळ नंतर समजले. जतन करण्यासाठी लागणारे ध्वनिफितीचे उपकरण निन्टेंडोने केवळ जपानमध्येच विकले होते. अमेरिकेतल्या मुलांनाही ते मिळाले नाही. हा पर्याय त्यांच्या अधिकृत प्रतीतही आमच्याइतकाच निष्फळ होता. येथे मूळ आणि नक्कल एकाच पायरीवर होते.

म्हणून वही. गणिताच्या चौकटीच्या वहीत तेरा घरे आडवी, तेरा उभी आखली की रणांगण तयार. वीट म्हणजे तिरप्या रेघा, लोखंड म्हणजे काळे घर, पाणी म्हणजे नागमोडी रेघ. लाईट आली की पान उघडायचे आणि एकाने वाचायचे, दुसऱ्याने रचायचे. यंत्राला स्मरण नव्हते, ते आम्ही कागदावर पुरवले. नकलेत असे एकसष्ट नकाशे आहेत. त्यांतील पुष्कळसे बाळबोध आहेत. एकात शाळा आहे, एकात शिवमंदिराचा तारकाकृती आराखडा बसवण्याचा प्रयत्न आहे आणि तो फसलेला आहे, कारण चौकटीत तिरपी भिंत बसत नाही.

शेवटून तिसरा नकाशा मूळ वहीत नव्हता. तो उतरवणाऱ्या मित्राचा आहे. हा मित्र कॅम्पातल्या बराकीत वाढलेल्या घरातला, निर्वासित आजोबांचा नातू. अंबरनाथच्या आमच्या शाळेत गाडीने येई. त्याने तेरा गुणिले तेरा घरांत आपला कॅम्प काढला. बराकींच्या समांतर ओळी म्हणजे विटा, नाला म्हणजे पाणी. टँकमध्ये गरुडाची जागा बदलता येत नाही, तो खालच्या मध्यावरच असतो. तेव्हा त्याने साऱ्या कॅम्पची दिशाच अशी फिरवली की आजोबांना पहिल्यांदा मिळालेली बराक नेमकी त्या घरात यावी.

या नकाशात एका घरात वर्तुळ आहे. टँकमध्ये वर्तुळासारखे काहीच रचता येत नाही. आम्ही त्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले की तो नळ आहे. आजोबांनी कागद पाहिला, हा खेळ काय आहे हे विचारलेही नाही, आणि बोट ठेवून म्हणाले की येथे नळ होता, पहाटेपासून रांग लागायची, तो राहिला. म्हणून त्याने नळ काढला. युद्धासाठी बांधलेली छावणी, तिच्यात आलेले निर्वासित, त्यांचा नातू आणि रणगाड्यांचा खेळ, असा हा फेरा आहे. हा नकाशा यंत्रात पूर्णपणे कधीच रचता आला नसता. खेळासाठी काढलेला कागद खेळात मावेनासा झाला, आणि आमच्या मते या वहीतील सर्वांत खरी निर्मिती तीच आहे.

६

२६ जुलै २००५ रोजी मुंबई आणि तिच्या परिसरात जो पाऊस झाला, त्याने उल्हास नदीला महापूर आला. बदलापुरात घरांतून पाणी शिरले. आमच्या मित्राच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी छतापासून हातभरावर होते. माणसे वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. नंतर चिखलातून जे काढले त्यात कॅसेटींचा डबा होता, यंत्राचे कवच होते, वही नव्हती. त्या घराने त्या दिवशी याहून पुष्कळ मोलाचे गमावले होते. वहीची आठवण काढणेही कुणाला शोभले नसते, आणि आम्ही ती काढली नाही.

नक्कल उल्हासनगरला माळ्यावर होती. ती कोणी जपून ठेवली नव्हती, टाकली नव्हती इतकेच. मित्राचे कुटुंब घर बदलून गेले तेव्हा ती त्याने आमच्याकडे दिली.

महानुभाव परंपरेत लीळाचरित्राविषयी जे सांगितले जाते, ते साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हाइंभटांची मूळ प्रत खालशाच्या धाडीत हरवली आणि ज्यांना ज्या लीळा पाठ होत्या, त्यांनी त्या आठवून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. म्हणून त्याला अनेक पाठ आहेत. मराठी गद्याच्या आरंभीच असा हरवलेला मूळ ग्रंथ आणि त्याच्या स्मरणाच्या प्रती आहेत, हे आपण पुरेसे मनावर घेत नाही. आमच्या वहीची तुलना त्या ग्रंथाशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु तत्त्व तेच आहे. मुळाचे रक्षण त्याच्या श्रेष्ठत्वाने होत नाही, त्याची प्रत दुसऱ्या गावी असल्याने होते.

हे केवळ आमच्या वहीपुरतेही नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१०पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही अधिकृत मार्गाने मिळत नाहीत. त्यांपैकी जे उरले, ते बहुतांशी संग्राहकांनी आणि हौशी मंडळींनी केलेल्या प्रतींमुळे उरले. नक्कल करणे हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरतो आणि त्याला कारणेही आहेत. ज्याने श्रम केले त्याला मोल मिळाले पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. पण गुन्हा आणि जतन ही दोन्ही कामे एकाच हाताने केल्याचे इतिहासात पुन्हापुन्हा दिसते. इतिहासकाराला त्या हाताकडे पाहावेच लागते.

७

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. घरोघरची यंत्रे गेली, सायबर कॅफे आले. नोव्हेंबर २००६मध्ये ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ आला. परवाना नसल्याने त्यात भारतीय खेळाडूंची नावे मोडतोड केलेली होती. आपल्याकडच्या मुलांनी पहिल्यांदा ती नावे दुरुस्त केली. २००८मध्ये आयपीएल सुरू झाले, तेव्हा कंपनीने नवा खेळ काढला नव्हता. तेव्हा संघ, गणवेश, मैदाने हौशी मंडळींनीच घडवून जुन्या खेळात घातली, आणि कंपनीने सोडून दिलेला तो खेळ पुढे कित्येक वर्षे चालता ठेवला. वहीतील नकाशे आणि हे काम यांत जातीचा फरक नाही. मग स्वस्त इंटरनेट आणि मोबाइल आले. २०१८पासून पब्जीने लोकल गाडीतली पोरे माना खाली घालून बसवली. सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ जगभर नेला. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली.

म्हणजे आता हा खेळ शासनाला दिसतो, बाजाराला दिसतो. त्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात कंपन्या असतील, उलाढाल असेल, स्पर्धा आणि बंदी असेल. खेळणारा असेल की नाही, याची आम्हांला शंका आहे. कारण त्याची साधने रद्दीत जातात. चौकटीच्या वह्या, कॅसेटीवर चिकटवलेल्या नावाच्या पट्ट्या, पार्लरच्या भिंतीवर खडूने लिहिलेले सर्वाधिक गुण. आमच्या वाचकांत अध्यापक पुष्कळ आहेत. पाठसंपादन शिकवताना विद्यार्थ्यांना आपल्या घरातल्या माळ्यावर एकदा पाहून यायला सांगावे, एवढीच विनंती. तेथे पोथी सापडणार नाही, पण पाठभेद सापडतील.

आम्ही सध्या या नकलेची दुसरी नक्कल करत आहोत. त्यात एक अडचण आहे. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी पाठात आपली ओवी घालू नये असे बजावले. त्या शिस्तीने पाहिले तर तीस जीवांची उलटी पडलेली खूण आम्ही सुलटी करायला हवी आणि कॅम्पचा नकाशा प्रक्षिप्त म्हणून वगळायला हवा. पुष्कळ विचार करून आम्ही दोन्ही तसेच ठेवले आहेत. ‘चित्र’ असे लिहिलेले चौकोनही रिकामेच ठेवले आहेत. ती चित्रे जिने काढली होती, तिला परवा आम्ही विचारले, आता पुन्हा काढशील का. तिने पाहू असे म्हटले आहे.